ज्या नजरेमागे गोळी नसते

मी दुर्बीण बोलतेय. तिपाईवर ऐटीत उभी राहते ती लांब नळीची नव्हे. ती माझी थोरली जाऊ म्हणा हवं तर, आणि ती बहुतेक वेळा घरीच असते. मी गळ्यात अडकवायची, दोन डोळ्यांची, आठपट जवळ आणणारी. वजन अठरा औंस, म्हणजे जेमतेम अर्धा किलो. वजन आधीच सांगून टाकते, कारण आजवर मला माझ्या नावापेक्षा वजनानंच जास्त ओळखलं गेलंय.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पोटाखाली बारीक अक्षरांत कोरलेलं आहे. ते कुणी वाचत नाही. धुळीच्या कणालाही मज्जाव असलेल्या एका खोलीत पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझी भिंगं पुसली, लोलक बसवले, माझे दोन्ही डोळे एकाच जागी पाहतील असे जुळवले आणि आत कोरडा वायू भरून मला कायमचं बंद केलं. त्या वायूमुळे कितीही गारठा पडला तरी माझ्या आतून धुकं येत नाही. माणसांच्या डोळ्यांमागे असं काही भरत नाहीत, हे मला पुढे कळलं.

मग सॅमन नदीकाठच्या गावात, नेड्राबाईंच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात मी सात महिने काढले. शेजारी माझ्याहून मोठ्या, माझ्याहून लहान, सगळ्या जणी. गिऱ्हाइकं यायची, आम्हाला उचलायची आणि भर दुपारी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचून म्हणायची, वा, काय स्वच्छ दिसतंय. नेड्राबाई तरुणपणी शिकाऱ्यांना डोंगरात न्यायच्या. त्या मान हलवायच्या आणि मनातलं मनात ठेवायच्या. दुपारी बारा वाजता सगळ्याच सुना गुणी असतात.

टॉलमनांचं कुटुंब आलं ते ऑगस्टच्या शेवटी. व्हर्ल टॉलमन, त्यांचा मुलगा डॅलिन आणि जूनमध्ये घरात आलेली सून ट्रेसा. व्हर्लच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे या वर्षी एल्कच्या शिकारीला ते खालच्या तळावर खेचरांपाशीच राहणार होते. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड जनावर. ते आमच्याकडे अशा उभ्या कड्यांत जाऊन राहतं की तिथे शेळीसुद्धा दोनदा विचार करेल. वर दोघांनीच जायचं होतं आणि सुनेला स्वतःची दुर्बीण हवी, असं व्हर्लनं ठरवलं होतं.

डॅलिनचं म्हणणं, सगळ्यात लहान घ्या. तो वजनाच्या बाबतीत भारी काटेकोर माणूस. दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीनं कापणारा, सदऱ्यांच्या आतल्या चिठ्ठ्या उसवणारा, काडेपेटीतल्या काड्या मोजून नेणारा. त्यानं दहा औंसांची एक खिशातली पोरगी उचलली आणि ट्रेसाच्या हातात दिली. ट्रेसाला चष्मा आहे. चष्म्यावरून तिला त्या दुर्बिणीत किल्लीच्या भोकातून दिसावं एवढंच दिसलं.

"चार डोळे होतेच, आता सहा झाले," डॅलिन म्हणाला. ट्रेसा हसली. तिला सासरी येऊन अडीच महिनेच झाले होते. त्या काळात सगळ्याच विनोदांना हसायचं असतं.

नेड्राबाईंनी त्यांना सांगितलं, आत्ता काही घेऊ नका, दिवस मावळताना या. ते आले तेव्हा त्यांनी आम्हा तिघींना बाहेर पायरीवर मांडलं आणि ट्रेसाला म्हणाल्या, पुलापर्यंत पळत जा, पळत ये, आणि दम लागलेला असतानाच बघ. पलीकडे एक जुना ट्रक उभा आहे. त्याच्या खालच्या सावलीत काय आहे ते सांग.

ट्रेसा धापा टाकत आली. दहापट जवळ आणणारीत सगळं चित्र तिच्या नाडीबरोबर थडथडत होतं. खिशातल्या पोरीला सावलीत नुसता काळोख दिसला. मग मी. मला तिनं डोळ्यांना लावलं, श्वास सोडला आणि म्हणाली, "मांजर आहे. तीन पिल्लं. एक पांढऱ्या पायांचं."

"डोंगरात माणूस कायम धापा टाकतच बघतो," नेड्राबाई व्हर्लना म्हणाल्या. "मोठीचा उजेड जास्त, पण पोरीचे हात थरथरणार. धाकटी हलकी, पण संध्याकाळी आंधळी. ही घ्या."

व्हर्लनं मला घेतलं. पट्टा स्वतःच्या हातानं ट्रेसाच्या गळ्यात घालताना ते जे बोलले, ते त्यांच्या घरात भिंतीवर लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना पाठ होतं. "पोरी, बघायचं ते हिच्यातून. बंदूक खांद्याला लागली म्हणजे बघणं संपलेलं असतं."

बंदुकीवरही एक भिंग असतं. स्कोप म्हणतात त्याला. नातं लावायचं तर तो माझा चुलतभाऊ. तोही जवळ आणतो, तोही स्वच्छ दाखवतो. पण तो जिकडे पाहतो तिकडे नळीचं तोंडही वळतं. माझ्या नजरेमागे काही नसतं. मी चुकले तर ओंडका जनावर वाटतो आणि माणूस स्वतःवर हसतो. तो चुकला तर हसायला कुणी उरेलच असं नाही. म्हणून जाणती माणसं आधी मला काढतात, आणि जनावर म्हणजे जनावरच आहे अशी खात्री पटल्यावरच त्याला.

निघायच्या आदल्या दिवशी लरूच्या, म्हणजे ट्रेसाच्या सासूच्या, स्वयंपाकघरातला पिठाचा काटा टेबलावर आला. डॅलिन एकेक वस्तू त्यावर ठेवी आणि कागदावर आकडा लिही. तंबू, दोरी, वाळवलेलं जेवण. शेवटी त्याची स्वतःची दुर्बीण. सव्वीस औंस. तो आकड्याकडे बघत राहिला. नाकापेक्षा मोती जड, असं त्याला वाटलं असावं. व्हर्ल बाहेर खेचरांचे नाल तपासत होते. डॅलिननं ती उचलली, बुटांच्या कपाटात मागे सारली आणि छातीवर बांधायच्या तिच्या रिकाम्या कप्प्यात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या भरल्या. कप्पा छान फुगला.

"आपण बरोबरच असणार," तो ट्रेसाला हळूच म्हणाला. "एकीत दोघांचं भागेल. आणि स्कोप आहेच की माझा."

ट्रेसानं माझ्या पट्ट्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. नव्या घरात कुठल्या गोष्टीला तोंड उघडायचं याचा हिशेब माणूस मनात करत असतं, आणि तो बहुधा चुकतो.

वरचे पहिले दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. डोंगराच्या द्रोणासारख्या खोलगट भागाच्या काठावर ती दोघं बसायची. ट्रेसा कोपरं गुडघ्यांवर टेकायची आणि मला घेऊन समोरचा उतार तांदूळ निवडावेत तसा निवडायची. इथून तिथपर्यंत एक पट्टी, मग खालची पट्टी. आख्खं जनावर शोधायचं नसतं, हे तिला कुणी न सांगता कळलं. शोधायचा तो कान. शोधायची ती उभ्या खोडांमध्ये एखादी आडवी रेघ. डॅलिन दर दोन मिनिटांनी "दे जरा" म्हणायचा, भराभर सगळा डोंगर झाडून काढायचा आणि "काही नाही" म्हणून परत द्यायचा. तिनं त्याच झाडीत सात माद्या आणि एक शिंगाळ नर काढून दाखवला तेव्हा त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हणाला, "तू आधी का नाही भेटलीस?" हे मात्र तो मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यानं मला मागणं सोडलं. समोर काही हललं की तो बंदूकच उचलू लागला. एक डोळा मिटायचा, पाहायचा, खाली ठेवायचा. सोपं पडतं ते. दर वेळी ट्रेसाचे हात माझ्याभोवती थोडे आवळायचे, आणि दर वेळी ती स्वतःशी म्हणायची, पुढच्या वेळी सांगेन.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठरलं ते असं. तिनं काठावरच्या खडकाशी बसून कळपावर नजर ठेवायची. त्यानं द्रोणाच्या पलीकडच्या अंगानं खाली उतरायचं. जनावरं डावीकडे गेली तर तिनं टोपी डाव्या हातात धरायची, उजवीकडे गेली तर उजव्या. ती मला त्याच्या गळ्यात घालू लागली.

"तू ठेव. तू छान शोधतेस. इथून हलू मात्र नकोस," तो म्हणाला आणि गेला.

तासाभरानं कळप उठला. तो ना डावीकडे गेला, ना उजवीकडे. सरळ खालच्या अ‍ॅस्पेनच्या पिवळ्या झाडीत उतरला, आणि तिथून तो डॅलिनलाही दिसणार नव्हता, आम्हालाही. ट्रेसा थोडा वेळ थांबली. मग तिला वाटलं, दोनशे पावलं खाली त्या सोंडेवर गेलं तर खूण करता येईल. ती उतरली. तिच्या अंगात सासूनं दिलेला जुना लोकरीचा कोट होता, वाळक्या गवताच्या रंगाचा. झुडपांत ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं मला डोळ्यांना लावलं.

मी आधी झाडं दाखवली. मग एक पडलेला ओंडका. मग डॅलिनची टोपी. तो ओंडक्यावर कोपरं टेकून बसला होता आणि आमच्याकडेच पाहत होता. त्याचा चेहरा मात्र अर्धाच दिसत होता. उरलेला अर्धा बंदुकीच्या दस्त्याला चिकटलेला. त्याच्या डोळ्यापुढे एक गोल भिंग चमकत होतं, आणि त्या गोलाखाली आणखी एक गोल. छोटा, काळा. बंदुकीची नळी नेहमी लांब दिसते. या नळीला लांबीच नव्हती.

तीनशे पावलांचं अंतर. मी ते चाळीसवर आणून ठेवलं होतं. माझं कामच ते. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपण आंधळ्या असतो तर बरं.

उठावं तर झुडूप हलणार. बसून राहावं तर तपकिरी ठिपका तपकिरीच राहणार. ट्रेसाचा आवाज त्या घरात कुणी मोठ्यानं ऐकलेला नव्हता. जेवणाच्या टेबलावर लरू तिला दोनदा विचारायची, काय म्हणालीस. त्या आवाजात ती ओरडली. एकदाच.

"डॅलिन, मी आहे."

डोंगरानं ते तीनदा परत केलं. खालच्या झाडीतून कळप काड्या मोडत पळाला. नळी हळूहळू लांब झाली, आणि तिचं तोंड जमिनीकडे गेलं.

तो वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाला, मी फक्त बघत होतो. ट्रेसानं बंदुकीकडे बोट केलं. त्याला कळलं. त्यानं बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सारणारा लोखंडी दांडा, मागे ओढला, आणि नळीतून एक जिवंत गोळी उडून गवतात पडली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. नळीत गोळी घालून नुसतं बघायला कुणी बसत नाही.

मग तो चिडला. माणसं घाबरली की आधी चिडतात. तू जागा का सोडलीस, सांगितलं होतं ना हलू नकोस.

"सोडली. चुकलं माझं," ती म्हणाली. त्यानंही काही म्हणावं म्हणून ती बराच वेळ थांबली. त्यानं गवतातली गोळी शोधून खिशात टाकली.

उतरताना अर्ध्या वाटेवर त्यानं विचारलं, "बाबांना सांगशील?"

"तू सांग."

"काही झालं तर नाही ना, ट्रेसा. एक क्षण होता."

तो काय मागतोय ते तिला ठाऊक होतं. व्हर्लचा धाकटा भाऊ गार्थ एकदा असाच स्कोपमधून माणसाकडे बघताना सापडला होता. व्हर्लनं त्याच दिवशी त्याला तळावरून परत पाठवलं, आणि तेवीस वर्षांत तो पुन्हा त्यांच्याबरोबर डोंगरात आला नाही. पुढे पुढे तर घरीही आला नाही. सांगितलं तर डॅलिनचा डोंगर जाणार, आणि ज्या बायकोमुळे तो गेला तिच्याकडे डॅलिन आयुष्यभर त्याच रागानं बघणार. नाही सांगितलं तर दर शरदात तिला त्याच्या समोरच्या उतारावर जाऊन बसायचं होतं. ती मला मुठीत घट्ट धरून चालत होती. माझ्या काचेवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला तरी तिनं तो पुसला नाही.

टॉलमनांच्या तळावर एक प्रघात आहे. उन्हं कड्यावर असतानाच जेवायला बसायचं. आधी प्रार्थना. मग ताटाला हात लावण्याआधी प्रत्येकानं आज काय दिसलं ते सांगायचं. एकच गोष्ट, पण खरी. व्हर्लच्या वडिलांपासून चालत आलेलं.

व्हर्लनं बीन्स शिजवले होते, मक्याचा पाव होता, कोको होता. त्यांनी आपलं सांगितलं: ओढ्यात पाण्याखाली चालणारा एक करडा पक्षी. डॅलिन म्हणाला, सात माद्या आणि एक नर दिसला, निसटले. शब्दन् शब्द खरा होता. खऱ्याचा इतका नेमका तुकडा कापायला हात सराईत लागतो, आणि त्याचा तो अजून झाला नव्हता.

"आणि तुला, पोरी?"

ट्रेसानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. डॅलिनकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता. तिनं त्याला आणखी थोडा वेळ दिला. मग म्हणाली,

"मला डॅलिन दिसला."

व्हर्ल हसले. "नवी नवरी. अगं, तो तर रोजच दिसतो."

"समोरून दिसला, बाबा. स्कोपच्या मागे."

व्हर्लनं ताट बाजूला ठेवलं. मुलाला म्हणाले, छातीवरचा कप्पा उघड. डॅलिननं उघडला. आत मांसाच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या आणि बाकी चुरगळलेले कागद.

"किती वाचवलंस?"

"सव्वीस औंस."

व्हर्लनं मान हलवली, जणू आकडा त्यांना पटला. "आणि हिला खाली आणायला किती वजन झालं असतं? ते धरलं होतंस का कागदावर?"

डॅलिन तेव्हा रडला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्याकडे तीच माया.

व्हर्ल बोलले ते मुलापेक्षा स्वतःशीच जास्त. "गार्थला मी घालवलं. डोंगर त्याचा गेला, भाऊ माझा गेला. बरोबर केलं की नाही, अजून कळलेलं नाही." मग त्यांनी डॅलिनच्या बंदुकीचा बोल्ट ओढून वेगळा काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. "तीन शरद. डोंगरात यायचं, पण बंदूक हिच्याकडे. तू फक्त बघायचं. दुर्बिणीतून."

घरी आल्यावर लगेच सगळं गोड झालं असं नाही. डॅलिन कित्येक दिवस तिच्याशी मिठापाण्यापुरतं बोलत होता. लरू बरण्या भरताना एवढंच म्हणाली की काही गोष्टी नवराबायकोत मिटवायच्या असतात. ट्रेसानं बरण्यांची झाकणं घट्ट केली. मी दाराजवळच्या खिळ्याला लटकत होते. सारा हिवाळा डॅलिन माझ्यासमोरून जाताना नजर चुकवायचा. तीच अठरा औंस मी, पण त्या खिळ्यावर मी फार जड झाले होते. मार्चमध्ये लरूनं न बोलता तो जुना कोट काढला आणि त्याच्या पाठीवर भलंमोठं भडक केशरी कापड शिवून टाकलं, कुठल्याच जनावराच्या अंगावर नसतो तो रंग. टाके फार बारीक होते. बोलण्यात जे जमलं नाही ते तिनं टाक्यांत घातलं असावं.

पहिल्या शरदात डॅलिननं मला खिळ्यावरून काढलं तेव्हा पट्टा त्याच्या मापाचा ट्रेसानंच करून दिला. त्याला बसायला शिकावं लागलं. एक पट्टी, मग खालची पट्टी. हात आखडायचे, डोळे पाणावायचे, काही दिसायचं नाही, आणि तरी उठायचं नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं शोधलेला नर ट्रेसानं एका गोळीत पाडला. ते वजन खाली आणताना त्यानं एकदाही कुरकुर केली नाही.

आता हा तिसरा शरद. माझ्या अंगावरचं रबर एका कडेला सुटलंय, डाव्या भिंगावर एक ओरखडा आहे, पट्ट्याला त्याच्या मानेच्या घामाचा वास येतो. कपाटातल्या माझ्या बहिणींना कधी निरोप देता आला तर एवढंच सांगेन: तुम्हाला निवडणारा तुम्हाला काट्यावर ठेवेल, ठेवू द्या. उभ्या डोंगरात एकेक औंस गुडघ्यात उतरतो, हे खोटं नाही. माणसांनो, तुम्हीही खुशाल करवती चालवा, चिठ्ठ्या उसवा, तंबू सोडा, एक वेळ भाकरीसुद्धा कमी करा. पण मला घरी ठेवू नका. मी शिकारीचं सामान नाही. शिकार आणि तुमचं माणूस यांच्यामधलं जे काही आहे, ते मी आहे.

आज सकाळी आम्ही द्रोणाच्या काठावर पोचलो. ट्रेसा बंदूक घेऊन पलीकडच्या सोंडेकडे गेली. खाली झाडीत काहीतरी सरकलं, फिकट आणि मोठं. मलाही ते दिसलं. डॅलिननं मला उचललं, पण तिकडे वळवलं नाही. आधी त्यानं पलीकडचा सगळा उतार पट्टीपट्टीनं निवडला. घाई केली नाही. एक खडक, दुसरा खडक, वाळकं गवत, आणि मग ती. बसलेली, नळी जमिनीकडे, चष्म्यावर ऊन.

तिनं हात वर केला. त्यानंही केला. मग त्यानं श्वास सोडला आणि मला डोंगराकडे वळवलं.